रद्दीपासून चिवट कागद: खळ आणि डिंक तंतूवर टिकवायचे कसे

रद्दी भिजवायची, लगदा करायचा, हौदात शिजवलेली खळ ओतायची आणि ताव काढायचे. वाळलेल्या तावाची घडी घातली की कडेला तडा जातो. मग पुढच्या खेपेला खळ दुप्पट. ताव तसाच राहतो, हौदाचं पाणी मात्र दुधाळ होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला आंबट वास सुटतो. रद्दीपासून हातकागद करणाऱ्या बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. दोष खळीचा नसतो. खळ कागदात गेलेलीच नसते.

साधा हिशेब करून बघा. १०० ग्रॅम कोरडी रद्दी आणि १० लिटर पाणी, म्हणजे एक टक्क्याचा लगदा. त्यात मक्याचा साधा स्टार्च ५ ग्रॅम शिजवून घातला, म्हणजे कागदाच्या वजनाच्या पाच टक्के. तो सगळ्या पाण्यात पसरला की लिटरमागे अर्धा ग्रॅम झाला. ताव उचलून प्रेसखाली दाबल्यावर त्यात साधारण ४० टक्के तंतू आणि ६० टक्के पाणी उरतं, म्हणजे एक ग्रॅम तंतूमागे दीड ग्रॅम पाणी. त्या दीड ग्रॅम पाण्यात स्टार्च किती? पाऊण मिलिग्रॅम. टक्क्यात सांगायचं तर ०.०७५. पाच टक्के घातला आणि एक दशांश टक्काही हाती लागला नाही. थोडा स्टार्च तंतूंना आपसूक चिकटतो असं धरलं तरी बाकीचा गटारातच जातो.

म्हणून वनस्पतींपासूनचा कुठलाही पदार्थ रद्दीच्या लगद्यात घालण्याआधी एकच विचारायचं: हा तंतूवर टिकणार कशाच्या जोरावर?

त्याआधी तंतूंची अवस्था समजून घ्यायला हवी. कागदाची ताकद दोन गोष्टींवर उभी असते, एकेका तंतूची स्वतःची ताकद व लांबी, आणि तंतू एकमेकांना जिथे चिकटतात त्या जागा. ओला तंतू मऊ आणि फुगलेला असतो. वाळताना पाण्याचा ताण दोन तंतूंना जवळ ओढतो आणि पाणी निघून गेलं की त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. पण वाळतानाच तंतूच्या भिंतीतली बारीक छिद्रं मिटतात, आणि पुन्हा भिजवल्यावर ती सगळी उघडत नाहीत. तंतू शिंगासारखा कडक होतो. यालाच हॉर्निफिकेशन म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग यायमे यांनी १९४४ साली ही गोष्ट मांडली. सर्वांत मोठं नुकसान पहिल्याच वाळण्यात होतं. ऑफिसच्या पांढऱ्या कागदासारख्या रासायनिक (रसायनांत शिजवलेल्या) लगद्याच्या कागदात हे जास्त दिसतं, तर वर्तमानपत्राच्या यांत्रिक (लाकूड नुसतं दळून केलेल्या) लगद्यात कमी, कारण तो तंतू मुळातच फारसा फुगत नाही. कडक तंतू दबत नाही, वाकत नाही आणि शेजाऱ्याला टेकतो तो फक्त ठिपक्याएवढ्या जागेत. वनस्पतिजन्य खळ किंवा डिंक काम करतो तो इथे: दोन तंतूंमधली जागा भरून चिकटण्याचं क्षेत्र वाढवतो. तंतूची लांबी तो वाढवू शकत नाही.

तुमच्या कागदाला नेमकं काय कमी पडतंय हे फाटलेली कडच सांगते. कोरड्या तावाची एक पट्टी ओढून तोडा आणि तुटलेली कड भिंगाखाली धरा. कडेवर लांब, अखंड तंतू केसांसारखे बाहेर आलेले दिसले तर तंतू तुटलेले नाहीत, ते एकमेकांतून निसटले आहेत. इथे खळीचा, डिंकाचा नक्की उपयोग होईल. कड कापल्यासारखी सरळ आणि तुसं अगदी आखूड दिसली, तर तंतूच आखूड किंवा ठिसूळ झालेत. अशा लगद्यात कितीही खळ घाला, कागद कडक होईल, चिवट होणार नाही. त्याला अंबाडी, ताग, कापूस, अबाका यांसारखा लांब तंतू १० ते ३० टक्के मिसळावा लागेल. ही दोन मिनिटांची तपासणी केल्याशिवाय पुढचं काही करू नये असं माझं ठाम मत आहे.

आता रद्दीची तयारी. गुळगुळीत मासिकांचा कागद टाळा. त्यात माती आणि चुनखडीचा लेप असतो, आणि तो भुगा तंतूंच्या मध्ये बसून चिकटण्याची जागाच खातो. थर्मल पावत्या अजिबात नकोत. ऑफिसच्या कागदातही कॅल्शियम कार्बोनेटची भर असतेच, ती धुवून कमी करता येते. रद्दी फाडून १२ ते २४ तास भिजवा. फक्त रासायनिक लगद्याचा पांढरा कागद असेल तर भिजवण्याच्या पाण्यात कागदाच्या वजनाच्या २ टक्के धुण्याचा सोडा घाला, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम, आणि पाणी कोमट ठेवा. अल्कलीत तंतू जरा जास्त फुगतो. वर्तमानपत्र मात्र सोड्यात टाकू नका, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातले तंतू बांधून ठेवणारा पदार्थ, अल्कलीत पिवळं पडतं. नंतर सामू ७ ते ८ येईपर्यंत धुवा.

मिक्सरमध्ये लगदा करत असाल तर एका वेळी ५०० मिलिलिटर पाण्याला १० ग्रॅम कोरड्या कागदापेक्षा जास्त घेऊ नका आणि थांबत थांबत एकूण २० ते ३० सेकंदच फिरवा. मिक्सरचं पातं तंतू उलगडत नाही, कापतं. रात्रभर नीट भिजलेल्या कागदाला इतकं पुरतं. ‘अजून जरा बारीक करू’ या मोहात तंतूची लांबी जाते, आणि ती कुठल्याही डिंकाने परत येत नाही. बीटर (लगदा कुटण्याचं यंत्र) असेल तरी रद्दीच्या लगद्याला हलकाच मार द्यायचा. जास्त कुटला की बारीक कण वाढतात आणि पाणी निथळायचं थांबतं.

लगदा बारीक जाळीवर घेऊन निदान दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. हे फक्त मळ काढण्यासाठी नाही. जुन्या कागदातून सुटलेला स्टार्च, लेपातली रसायनं, शाईचे विद्राव्य भाग हे सगळं पाण्यात ऋणभारित कचरा म्हणून फिरत असतं. गिरणीतली माणसं त्याला अॅनायॉनिक ट्रॅश म्हणतात. पुढे तुम्ही धनभारित स्टार्च घातला की तंतूपर्यंत पोचण्याआधीच हा कचरा त्याला गिळतो. पण धुण्याचाही अतिरेक नको. फार मोकळ्या जाळीवर फार पाणी मारलं तर बंध घडवायला मदत करणारे बारीक तंतूही वाहून जातात.

आता खळीकडे येऊ. स्टार्च टिकला की वाहून गेला हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही, आयोडीन पुरतं. औषधाच्या दुकानात मिळणारं आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करा. ताव काढल्यावर जाळीखाली निथळलेलं पाणी पांढऱ्या वाटीत घ्या, पूर्ण थंड होऊ द्या आणि त्यात दोन थेंब टाका. पाणी निळं झालं तर स्टार्च तिथे आहे, म्हणजे तुमच्या कागदात नाही. गरम पाण्यात हा रंग दिसतच नाही, म्हणून थंड होण्याची वाट पाहायलाच हवी. जांभळट किंवा तांबूस छटा आली तर अमायलोज (स्टार्चची सरळ साखळी) कमी आणि अमायलोपेक्टिन (फांद्यांची साखळी) जास्त असलेला स्टार्च समजायचा. इथे एक फसगत होते. ऑफिसच्या कागदाला कारखान्यातच स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे तुम्ही काही न घालताही पाणी निळं होऊ शकतं. म्हणून खळ घालण्याआधीच्या धुतलेल्या लगद्याचं पाणी आधी तपासा. तो तुमचा शून्य बिंदू.

लगद्यात घालायचा असेल तर स्टार्च कॅटायनिक हवा, म्हणजे ज्यावर धनभारित गट जोडलेले आहेत असा. तंतूचा पृष्ठभाग पाण्यात ऋणभारित असतो, त्यामुळे हा स्टार्च ओढला जाऊन तिथेच बसतो. मात्रा कोरड्या तंतूच्या ०.५ ते १.५ टक्के. सुरुवात एक टक्क्याने करा. स्टार्चच्या पुडीत साधारण १२ टक्के ओलावा असतो हे धरून १०० ग्रॅम रद्दीला १.१ ग्रॅम पूड घ्या. ती ५० मिलिलिटर थंड पाण्यात आधी सारखी कालवा. गरम पाण्यात पूड टाकली की बाहेरून शिजलेल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, आणि मग त्या कागदावर पारदर्शक डोळ्यांसारख्या दिसतात. ढवळत ढवळत ९० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत न्या आणि तिथे २० ते ३० मिनिटं ठेवा. नुसती घट्ट झाली म्हणजे शिजली असं नाही. दाणा फुगल्यावर घट्टपणा येतो, तो फुटून मोकळा व्हायला पुढचा वेळ लागतो. उडालेलं पाणी भरून काढा, आणि घालण्याआधी तितकंच पाणी मिसळून एक टक्क्यावर आणा.

घालायची जागाही ठरलेली आहे. हौदात नाही. लगदा दोन-तीन टक्क्यांचा, दाट असतानाच त्यात खळ सोडा, पाच ते दहा मिनिटं संथ ढवळा, आणि मग हौदात पातळ करा. दाट लगद्यात तंतू आणि खळ यांची गाठ लवकर पडते. एकदा बसल्यावर जोरात घुसळू नका, बसलेला स्टार्च सुटतो. मात्रा दोन टक्क्यांच्या वर नेली की तंतूवरच्या ऋणभारित जागा भरून जातात. जास्तीचा स्टार्च पाण्यातच राहतो, फेस येतो, ताव गोळ्या-गोळ्यांचा दिसतो, निथळ मंदावते. आयोडीनने पाणी पुन्हा निळं व्हायला लागेल तिथे थांबायचं. इतका सरळ इशारा दुसऱ्या कुठल्या पदार्थात मिळत नाही, म्हणून मला स्टार्चने सुरुवात करणं योग्य वाटतं.

काही जण खळ टिकवायला तुरटी घालतात. तुरटी आम्ल आहे आणि ऑफिसच्या रद्दीत चुनखडी असते. दोन्ही भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि तावाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. शिवाय आम्ल राहिलेला कागद काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो. राळ-तुरटीची जोडी १८०७ साली मोरित्स फ्रीडरिश इलिग यांनी मांडली आणि पुढे दीड शतक ती कागद गिरण्यांत चालली, पण तिचं काम शाई फुटू न देणं हे होतं. त्याने ताकद वाढत नाही.

कॅटायनिक स्टार्च मिळत नसेल, किंवा पाणी फार क्षारयुक्त असेल, तर डिंकांकडे वळावं. पाण्यात क्षार वाढले की भारांची ओढ झाकली जाते आणि कॅटायनिक स्टार्चची पकड ढिली पडते. गवार डिंक आणि चिंचोक्याची खळ यांना भाराची गरजच नाही. त्यांची साखळी सेल्युलोजशी जुळणारी असते, त्यामुळे ती तंतूवर सरळ पडून बसते. गवारीच्या डिंकात मॅनोजची लांब साखळी असते आणि साधारण दर दोन मॅनोजमागे एक गॅलॅक्टोज बाजूला लटकलेलं असतं. ही लटकलेली गॅलॅक्टोजच डिंकाला थंड पाण्यात विरघळू देतात, आणि मधली मोकळी साखळी सेल्युलोजला धरते.

गवार डिंक ०.५ टक्क्याचा करा, म्हणजे एक लिटर थंड पाण्यात ५ ग्रॅम. पाणी जोरात फिरत असताना त्या भोवऱ्यात पूड चिमटी-चिमटीने भुरभुरा. एकदम ओतली तर माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात आणि त्या कितीही ढवळल्या तरी आत कोरड्याच राहतात. एक ते दोन तास फुलू द्या, मग पातळ कापडातून गाळा. मात्रा तंतूच्या ०.२ ते ०.५ टक्के. १०० ग्रॅम रद्दीला ०.५ टक्का द्यायचा तर हे द्रावण १०० मिलिलिटर. लगद्यात घालून दहा-पंधरा मिनिटं संथ ढवळा. डिंकाचा आणखी एक मोठा फायदा असा की तंतू एकमेकांना गुंतून गोळे करत नाहीत, ताव एकसारखा पडतो. प्रकाशापुढे धरलेल्या तावात ढगांसारखे डाग असतील तर पट्टी नेहमी त्या पातळ जागीच तुटते. तो ढगाळपणा गेला की बंध न वाढवताही ताकद वाढलेली दिसते. मात्रा जास्त झाल्याचं लक्षण म्हणजे जाळीवर पाणी अडून बसतं आणि ताव नमद्याला (तावाखालच्या लोकरी कापडाला) चिकटतो.

चिंचोक्याच्या पिठातला कामाचा भाग म्हणजे झायलोग्लुकन. वनस्पतीच्या पेशीभिंतीत सेल्युलोजला बिलगून राहणाऱ्या ज्या साखळ्या असतात त्यांतलाच हा प्रकार, त्यामुळे कागदाच्या तंतूवर तो मूळच्या जागी आल्यासारखा चिकटतो. टरफल काढलेल्या चिंचोक्याचं बारीक पीठ घ्या, २ टक्क्याच्या हिशेबाने थंड पाण्यात कालवा, मग उकळी आणून २० ते ३० मिनिटं शिजवा. या पिठात प्रथिनं आणि तेल असतं. ते न शिजलेल्या कणांसकट कापडात गाळून काढा, नाहीतर कागदावर तपकिरी ठिपके येतात. मात्रा अर्धा ते एक टक्का. किंचित बदामी छटा येते. पांढराशुभ्र कागद हवा असेल तर हे घेऊ नका, क्राफ्ट पुठ्ठ्याच्या रद्दीला मात्र हे फार छान बसतं. दोन्ही द्रावणं त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी पाण्यासारखी पातळ झालेली दिसली तर जंतूंनी साखळ्या तोडल्यात, आता त्यांच्यात जोर नाही.

भेंडीचा किंवा जपानी कागदकारांच्या तोरोरो-आओईच्या मुळांचा चिकट रस हा वेगळा विषय, तरी लोक तो गोंद समजून घालतात. तो पाणी दाट करून लांब तंतूंना तरंगत ठेवतो आणि निथळ लांबवतो, त्यामुळे ताव एकसारखा होतो. तो चिकटवत नाही. रद्दीच्या आखूड तंतूंना त्याचा फायदा थोडाच. सीएमसी, म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, स्वतः ऋणभारित असल्याने एकट्याने तंतूवर बसायला तयार नसतो. पाण्यात कॅल्शियम असेल आणि लगदा गरम असेल तर थोडा बसतो. लगद्यापेक्षा पृष्ठभागावर तो जास्त कामाचा.

साध्या, न बदललेल्या स्टार्चची खरी जागाही पृष्ठभागच. अरबी कागदकार शेकडो वर्षं गव्हाची नाहीतर तांदळाची खळ तयार तावावर लावून घोटत आले, आणि त्यामागचं गणित आजही तितकंच पक्कं आहे. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कोरडा ताव स्वतःच्या वजनाइतकं द्रावण पितो असं धरा. द्रावण ३ टक्क्यांचं असेल तर चौरस मीटरला २.४ ग्रॅम स्टार्च कागदात उतरला, म्हणजे पूर्ण तीन टक्के. हौदातल्या ०.०७५ टक्क्याशी याची तुलना करा. वाया गेला तो फक्त ब्रशला लागलेला.

३० ग्रॅम स्टार्च २०० मिलिलिटर थंड पाण्यात कालवून ८०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ढवळत ओता. मक्याचा असेल तर ९५ अंशांवर १५ ते २० मिनिटं शिजवा. टॅपिओका आणि बटाट्याचा लवकर फुगतो, त्याची खळ जास्त पारदर्शक आणि थर जास्त लवचिक होतो. मक्यात अमायलोज जास्त, त्यामुळे ती खळ थंड होताच जेलीसारखी थिजते. म्हणून लावताना खळ ५० ते ६० अंशांवर हवी. थिजलेली खळ पुन्हा गरम केली तरी पूर्वीसारखी मोकळी होत नाही, ती टाकूनच द्या.

ताव पूर्ण वाळलेला आणि शक्यतो काही दिवस जुना असावा. ताजा, अर्धवट ओला ताव ब्रशखाली लगदा होऊन उचलला जातो. खाली सिंथेटिक जाळी ठेवा, रुंद मऊ ब्रशने मधून कडेकडे एकदाच जा, पुन्हा पुन्हा घासू नका. मग जाळीसकट उचलून वाळवा आणि दुसरी बाजूही तशीच करा. एकाच बाजूला लावलेला कागद वाळताना आखडून गुंडाळी होतो. किती खळ बसली हे वजनावरून कळतं: ८० जीएसएमचा ए-फोर ताव ५ ग्रॅमचा, दहा ताव ५० ग्रॅम, तीन टक्के बसले तर ५१.५ ग्रॅम. कागद हवेतला ओलावा घेतो-सोडतो, म्हणून खळ न लावलेले दहा ताव शेजारी ठेवून त्यांचंही वजन त्याच वेळी करा, नाहीतर पावसाळी हवेलाच खळ समजाल. पाच-सहा टक्क्यांवर गेलात तर कागद टणटणीत वाजतो, पण घडीवर तडकतो.

कच्चा, न शिजवलेला स्टार्च लगद्यात घातला तर त्याचे दाणे जाळीवर बऱ्यापैकी अडकतात हे खरं. पुठ्ठ्याच्या गिरण्यांत थरांच्या मध्ये कच्च्या स्टार्चची फवारणी होतेही, कारण तिथे ओला थर तापलेल्या सिलिंडरवर जातो आणि दाणे कागदातच शिजतात. हवेवर वाळणाऱ्या तावात दाणा ६० अंशांच्या वर कधीच जात नाही. तो नुसता भुगा बनून बसतो आणि कागद उलट कमजोर करतो.

ओल्या अवस्थेतली ताकद स्टार्चकडे मागू नये, तो पाण्यात सुटतो. तिथे कोंजॅक, म्हणजे एका कंदाचं पीठ, कामाला येतो. कोंजॅकची पूड एक टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, थंड पाण्यात ढवळत भुरभुरून दोन तास फुलू द्यायची. दोन्ही बाजूंना लावून वाळवायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या एक टक्क्याच्या कोमट पाण्यातून काढून पुन्हा वाळवायचं. अल्कलीने त्यातले अॅसिटाइल गट निघतात आणि त्याची पाण्यात न विरघळणारी जाळी बनते. जपानने १९४४-४५ मध्ये सोडलेले सुमारे दहा मीटर व्यासाचे कागदी फुगे याच कोंजॅकच्या खळीने थर चिकटवून केले होते. तो तंतू तुतीच्या जातीचा, लांब होता. रद्दीच्या आखूड तंतूला तितका चिवटपणा येणार नाही, पण ओला ताव हातात तुटायचा थांबतो.

ज्यांच्याकडे हॉलंडर बीटर आहे त्यांनी एक गोष्ट जरूर करून पाहावी. ताग, अंबाडी किंवा जवसाचा तंतू सहा ते आठ तास कुटून पार लोण्यासारखा करा आणि रद्दीच्या लगद्यात कोरड्या वजनाच्या ५ टक्के मिसळा. हे घरच्या साधनांनी केलेलं मायक्रोफायब्रिल सेल्युलोजच म्हणा. हे बारीक धागे जुन्या कडक तंतूंमध्ये पूल बांधतात, कुजत नाहीत आणि जाळीतून फारसे निसटतही नाहीत. किंमत चुकवावी लागते ती निथळीत आणि आकुंचनात: १० टक्क्यांवर गेलात की ताव वाळताना आक्रसून लाटा पडतात.

प्रेसबद्दल थोडक्यात, पण हे टाळून वरचं काहीच फळत नाही. तंतू जितके जवळ, तितका डिंक कामाचा. दाब सुरुवातीला हळू वाढवा, एकदम दिला तर पाणी बाजूला पळताना ताव फुटतो. कोरडे नमदे बदलून दुसऱ्यांदा दाबा. मग ताव सपाट फळीवर कडा ताणून चिकटवून वाळवा. मोकळा सोडलेला ताव आक्रसतो आणि ओढल्यावर जास्त ताणतो, पण कमी वजनावर तुटतो.

फरक पडला की नाही हे हाताने ओढून ठरवू नका, मोजा. प्रत्येक प्रकारच्या १० पट्ट्या कापा, बरोबर १५ मिलिमीटर रुंद, पकडींच्या मध्ये १८० मिलिमीटर. वर एक पकड, खाली पकडीला हलकी बादली, आणि बादलीत संथ धारेने पाणी. तुटली की बादली, पाणी आणि खालची पकड यांचं वजन करा. पकडीलगत तुटलेली पट्टी मोजू नका. समजा ८० जीएसएमची पट्टी ३ किलोला तुटली: ३००० भागिले ०.०१५, भागिले ८०, उत्तर २५०० मीटर. म्हणजे स्वतःच्याच वजनाने तुटायला या कागदाची अडीच किलोमीटर लांब पट्टी लटकवावी लागेल. याला तुटलांबी म्हणतात, आणि जाड-पातळ कागदांची तुलना करायला हा आकडा चांगला, कारण जाडीचा फायदा त्यातून वजा झालेला असतो. प्रयोगशाळेत हे २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत करतात. तुमच्याकडे तशी खोली नसेल तर खळीचा आणि बिनखळीचा कागद एकाच दुपारी, शेजारी शेजारी तपासा.

फाडण्याची ताकद वेगळी बघा. बंध वाढले की तुटलांबी वाढते, पण सुरुवात केलेली फाड पुढे नेणं कधी कधी सोपं होतं, कारण आता तंतू निसटून ताण वाटून घेत नाहीत, जागच्या जागी तुटतात. पिशवीच्या कागदाला म्हणून खळ कमी आणि लांब तंतू जास्त लागतो. लिहायच्या कागदाला उलट.

तयार कागद कोरड्या जागी ठेवा. हवेत ६५ टक्क्यांच्या वर ओलावा राहिला तर स्टार्चवर बुरशी धरते, आणि कसरीलाही खळीचा कागद आवडतो. तोच कागद पुढे पुन्हा रद्दीत आला तर खळ पाण्यात सुटते आणि तंतू सहज मोकळे होतात. मात्र भिजवल्याचं पहिलं पाणी आयोडीनने गडद निळं होईल. ते पाणी ओतून द्या, लगदा दोनदा धुवा आणि निळी झाक फिकी झाल्यावरच नवीन खळ मोजायला घ्या.